मरळ कशी रांधतात?

औसा,
वैशाख, मंगळवार

चि. चंद्रप्पास वहिनीचा आशीर्वाद.

तू, तुझी बायको आणि मुलं सुखरूप असाल असं धरून चालते. नांदेडला गोदावरीत निदान डोळ्यांनी पाहायला तरी पाणी असेल. इकडे जिल्हा नवा आणि दुष्काळ जुनाच. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं तेव्हा बाजारात पेढे वाटले. त्यावर प्यायला पाणी मात्र टँकर आल्यावर मिळालं.

मुद्द्यावर येते. तुझे थोरले भाऊ, अण्णा, अंथरुणाला खिळले आहेत. लिव्हर गेलं, पोटात पाणी झालं. (सगळ्या तालुक्यात पाणी नाही आणि ते नेमकं यांच्या पोटात. हा विनोद त्यांचाच, माझा नाही.) मागच्या आठवड्यात ते एकाएकी म्हणाले, "मरळ खायची हाय." मला वाटलं, भ्रम झाला. ज्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी चूल सारवून घेतात, त्या घरात मरळ! तर म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय. ताकद येती." तू मासे खातोस एवढ्यावरून याच माणसानं तुझं ताट ओसरीवर वेगळं मांडलं, तू न जेवता उठून गेलास आणि वीस-बावीस वर्षांत या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नाहीस. त्यांना विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही. आजारी माणसाची उलटतपासणी घेऊ नये.

बाजारात मासा नाही. मासे विकणारे भोई कामाच्या शोधात हैदराबादकडे गेलेले. राहिला गावाबाहेरचा तलाव. मी सगळं नियमानं करते, म्हणून आधी कचेरीत परवानगी मागायला गेले. तिथला कारकून म्हणाला, "तलाव नव्या जिल्ह्यात आलाय बाई, पण मासे अजून जुन्या जिल्ह्याच्या खात्यावर हायत." मी त्याला म्हटलं, मग मासा धरल्यावर त्याला आधी बदलीचा हुकूम दाखवते. आणि निघाले.

बरोबर आपल्या आडतीवरचा मुनीम नरसिंग. लहानपणी पैनगंगेत हातभर लांब मासे धरल्याचं तो नेहमी सांगतो. (पैनगंगेच्या जवळपासही तो कधी राहिलेला नाही, हे मला तलावावर कळलं.) तलाव म्हणजे मधोमध एक हिरवट डबकं, भोवती भेगाळलेली जमीन, आणि कडेच्या झऱ्याशी घागरी घेऊन बसलेल्या बायका. मरळ उन्हाळ्यात चिखलात दबून राहते आणि श्वास घ्यायला वर येते, हे मी हैदराबादला कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. ती खाते काय, हा प्रश्न मी पर्यायात सोडला असावा. गळाला गांडूळ किंवा बेडूक लावायचा, तर नरसिंग मागं सरला. "जीव मारायचा न्हाई बाई, आपल्यात चालत न्हाई." (आम्ही जीव मारायलाच आलो होतो, पण त्या उन्हात वाद कोण घालणार?) मग आधी शेंगदाण्याची पेंड लावली, नंतर भाकरीचा कुस्करा, शेवटी माझ्या डब्यातला धपाटा. दुपारपर्यंत आम्ही त्या मरळीला लिंगायताची पंगत वाढत होतो. ती वर यायची, हवा घ्यायची, आमच्याकडे पाहायची आणि उपाशी परत जायची.

शेवटी मी काष्टा घातला, कोंबड्या झाकायचं बिनबुडाचं डालगं मागून घेतलं आणि गुडघाभर चिखलात उतरले. बायकांनी घागरी खाली ठेवल्या. रुक्मिणबाई (तिच्या तिन्ही मुलींना मी शिकवलं आहे) ओरडली, "अवो हेडबाई, गळ्यात लिंग अन् हातात मासा! लई बेस!"

"लिंग गळ्यातच हाय," मी म्हटलं, "अन् मासा अजून हातात आलेला न्हाई. तू गप बस."

आला मात्र. जिथं बुडबुडे दिसले तिथं डालगं दाबलं, वरून हात घातला, आणि काहीतरी थंडगार, जाड, रागावलेलं हाताला लागलं. किंचाळला तो नरसिंग. मी नाही.

आता ती मरळ घरातल्या मोठ्या रांजणात आहे, म्हणजे आमच्या वाट्याचं पाणी तिच्या अंगाखाली आहे. मला ती मारता येत नाही, कापता येत नाही, रांधता येत नाही. अण्णा म्हणतात, "चंद्रप्पाला ईचार. त्याला येतंय." मी आधी मासा धरला, मग हे पत्र.

सौ.ला आशीर्वाद. मुलांना माझी ओळख नाही, तरी सांग.

तुझी वहिनी,
शिवकांता

ता. क. उलट टपाली कृती कळव. मीठ-तिखट किती ते नीट लिही. अंदाजानं घाला, असं लिहू नकोस.

ता. क. २. कृती पाठवू नकोस. आज लातूरच्या डॉक्टरांना विचारून आले. माशाचं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. उलट म्हणाले, घरी राहू द्या, हवं ते द्या. द्यायचं काय? कालपासून चमच्यानं पाणीसुद्धा उतरत नाही. तुला बोलवा असं त्या माणसाच्या तोंडून जन्मात निघायचं नाही, म्हणून मरळ मागतो आहे. हे मला डालगं हातात घेण्याआधी कळायला हवं होतं.

ता. क. ३. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. पहाटे मरळ रांजणातून उडाली आणि अंगणात मेली. त्यांना सांगितलेलं नाही. दर तासाला विचारतात, "हाय का?" मी म्हणते, "हाय." नांदेडला एखादी मिळाली तर आण. शोधत बसू नकोस. पहिली गाडी धर.