डाव्या कोपऱ्यात एकदा उभे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. स्पर्धा संचालक साहेब,
महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीग,
विभागीय कार्यालय, अमरावती.

अर्जदार : सौ. आशाबाई रामराव म्हैसने, अंगणवाडी सेविका, मु. पो. बाळापूर, जि. अकोला.

विषय : अंबानगरी वाघिणी संघाच्या रविवारच्या शेवटच्या सामन्यात अर्जदारास कै. दामिनी म्हैसने हिच्या रिकाम्या जागी खेळाडू म्हणून एकदा मैदानात उतरू देण्याबाबत.

संदर्भ : चेंडू जाणूनबुजून बाहेर टाकल्याबद्दल सदर संघास आपल्या कार्यालयाने बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, नोटीस संघाला आहे आणि तिचे उत्तर संघाचे प्रशिक्षक गजेंद्र सर देतीलच. पण सर खरे ते लिहिणार नाहीत. खरे लिहिले तर आपण त्यांना वेड्यात काढाल, याचा त्यांना धाक आहे. अर्जदाराला तो धाक नाही. लेक गेल्यापासून गाव अर्जदाराला तसेही वेड्यातच काढते, आणि अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून हात सरकारी कागदावर बसलेला आहे. म्हणून हा अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिला आहे, कोणाकडून लिहून घेतलेला नाही.

२. कै. दामिनी ही अर्जदाराची थोरली मुलगी. शाळेच्या खांबाला सायकलची रिंग बांधून तिने खेळ सुरू केला. अर्जदाराचे यजमान रामराव तेव्हा म्हणायचे, "मोठी झाली आता, कुठलोक खेयन व माय?" यंदा अमरावतीत मुलींचा पगारी संघ उभा राहिला, त्यात तिची निवड झाली, तेव्हा हेच यजमान पेढ्याचा पुडा घेऊन गल्लीभर फिरले. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातून बास्केट टाकणे हे दामिनीचे काम होते. तिथे पोचली की ती बुटाचा तळवा जमिनीवर दोनदा घासायची, म्हणजे कर्णधार माधवीने न पाहता तिकडे बॉल फेकायचा. माधवीच्या डोळ्याला पट्टी बांधून सरांनी हे दोघींकडून घोटून घेतले होते. संत्र्याच्या रंगाची जर्सी आली तेव्हा ती घालून दामिनी घरभर मिरवली. पहिला सामना तोंडावर असताना डेंग्यूचा ताप चढला आणि अकोल्याच्या दवाखान्यातच ती वारली. जर्सीला मैदान लागलेच नाही.

३. दहाव्याला संगमावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. बाया घाटावर जात नाहीत हे अर्जदारास माहीत आहे, पण अर्जदार ऐकण्यातली नाही. संघाच्या मुलीही गाडी करून आल्या होत्या. कावळे बाभळीवर बसून नुसते पाहत होते. यजमानांनी धाकटीबद्दल कबूल केले, "लायनीले शिकवतो, तिचं लगन घाई घाई करत नाई." मामाने कबूल केले की तुझी गाडी विकणार नाही. कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा माधवी तायडे पुढे आली. ती बौद्ध घरची, अकोल्याची. अर्जदाराच्या कानात आधी म्हणाली, "मावशी, आमच्यात हे रायत नाई, पन बोलू का?" अर्जदार म्हणाली, बोल. ती पिंडापुढे उभी राहून म्हणाली, "दामे, कोपऱ्यातली तुही जागा आमी कोनाले देनार नाई. बॉल तुलेच येईन." तिचे बोलणे संपते न संपते तोच कावळा खाली उतरला. घाटावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी हे पाहिले आहे, हवी तर त्यांची साक्ष घ्यावी.

४. चूक झाली ती इथेच. अंगणवाडीत नुसती मटकीची उसळ द्यायचा आदेश आला तरी त्याला कुठपासून कुठपर्यंत असा कालावधी असतो. माधवीने शब्द दिला, पण त्याला मुदत घातली नाही. पहिल्या सामन्यापुरता म्हणाली असती तर काम भागले असते. तेवढ्या माणसांत एकालाही ते सुचले नाही. अर्जदारालाही नाही. त्या वेळी सगळ्यांना हायसे वाटले आणि सगळे आंघोळी करून घरी आले.

५. त्यानंतरचे आपण जाणताच. संघ खेळायला लागला आणि हरायला लागला. ऐन मोक्याला माधवीचा बॉल डाव्या कोपऱ्याकडे जातो, तिथे कोणी नसते, बॉल रेषेबाहेर जातो आणि समोरच्या संघाला मिळतो. लोक म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडे. आपल्या कार्यालयाला त्यात लबाडी दिसली. महोदय, ज्या मुली हरल्यावर बसमध्ये खिडकीला डोके टेकून रडतात, त्या कोणासाठी लबाडी करतील? सरांनी त्या जागी शेंदूरजनाघाटच्या आकांक्षाला उभे करून पाहिले. ती दम धरून दोन-तीन वेळा उभी राहिली आणि मग आपसूक बाजूला सरकायला लागली. सर रागावले तर म्हणाली, "सर, भेव नाई लागत मले. पन तिथं कोनी उभं असलं तं आपन कसं उभं रायनार?" सरांनी त्यानंतर तिला तिथे पाठवले नाही. समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा आता त्या कोपऱ्याला वळसा घालून पळतात. आपल्याकडे सामन्यांचे व्हिडिओ आहेत, त्यात हे दिसते.

६. अर्जदारास हे ऐकून माहीत होते. खात्री करावी म्हणून अर्जदार नांदगाव पेठेच्या हॉलवर भर दुपारी सरावाला गेली आणि कोपऱ्याजवळच्या बाकावर बसली. मुली पाणी प्यायला थांबल्या, सगळे शांत झाले, आणि कोपऱ्यात बुटाचा तळवा दोनदा घासला. चुर्र, चुर्र. सगळ्या मुलींच्या माना तिकडे वळल्या. माधवी बाटली हातात धरून रडायला लागली. महोदय, खोटे कशाला लिहू, अर्जदाराला त्या दिवशी आनंद झाला. वाटले, चला, पोरगी गेली नाही, अमरावतीला आहे, नोकरीवर असल्यासारखी. त्यानंतर अर्जदार सुट्टीच्या दिवशी एसटीने यायची, डबा घेऊन बाकावर बसायची आणि परत जायची. यजमानांना सांगितले नाही. पण हळूहळू ध्यानात आले की बाकीच्या मुली बसतात, पाणी पितात, घरी जातात. ही उभीच आहे. बॉल येतो आणि हातातून निघून जातो, म्हणून ती पुन्हा तळवा घासते. लेकराला इतके ताटकळत ठेवायला अर्जदाराने तिला जन्म दिला नव्हता.

७. आता निकडीचे असे की, रविवारी याच हॉलवर संघ हरला तर संघ मोडणार आहे. संघाच्या मालकांनी तसे सरांना सांगितले आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही, हरणारा संघ कोण पोसणार? मुली आपापल्या घरी जातील. त्यांचे काही ना काही होईल. हॉल मालकांचा आहे, तिथे कापडाच्या गाठी ठेवून कुलूप लावणार असे ठरले आहे. महोदय, त्या गाठींच्या मागे डाव्या कोपऱ्यात दामिनी राहील. बॉल यायचा नाही, कोणी हाक मारायचे नाही. दिलेल्या शब्दापायी ती तिथून हलणार नाही, पोरगी लहानपणापासून तशीच एकमार्गी. तिला अंधाराची फार भीती वाटते. एवढी मोठी झाली तरी झोपताना दिवा लावून ठेवायची.

८. अर्जदाराने यावर पुष्कळ ठिकाणी विचारले. शेजारच्या पार्बताबाई वयाने मोठ्या आहेत, त्यांनी सांगितले, "मेलेल्याले देल्ला शब्द देनाऱ्याले वापस घेता येत नाई. मायनं तो पदरात घेतला तं फिटते." म्हणजे ज्या जागी, ज्या वस्तूचा शब्द दिला, ती वस्तू त्याच जागी आईने पदरात घ्यायची आणि लेकराला घरी चल म्हणायचे. अर्जदाराने सरावाच्या वेळी हे करून पाहिले. माधवीने बॉल टाकला, अर्जदाराने पदरात घेतला, काही झाले नाही, पुन्हा तळवा घासला. तेव्हा माधवीच म्हणाली, "मावशी, हे प्रॅक्टिस आहे. तिले मॅच पायजे." माधवीचे म्हणणे अर्जदारास पटले.

९. सबब अर्जदाराची मागणी. सामन्याच्या वेळी नोंदणी झालेल्या खेळाडूशिवाय कोणालाही रेषेच्या आत येता येत नाही, असा नियम आहे. तरी अर्जदाराची नोंदणी व्हावी. लीगची नियमावली अर्जदाराने वाचली आहे. तीत किमान वयाची अट आहे, कमाल वयाची अट आढळून आली नाही. संघात एक जागा रिकामी आहे, ती दामिनीचीच आहे, गजेंद्र सरांनी भरली नाही. पेहरावाबाबत, साडीवरून जर्सी घालू देण्यात यावी. पदर लागेल, तो जर्सीबाहेर राहील, त्याला गणवेशाचा भंग समजू नये. बांगड्या काढून ठेवण्यास अर्जदार तयार आहे, एक हिरवी बांगडी दामिनीने जत्रेतून आणली होती ती सोडून, तीवर चिकटपट्टी लावता येईल. अर्जदाराला पळता येत नाही, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. पण पळायचे कामच नाही.

१०. अर्जदार डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहील. माधवी एकच पास देईल. बॉल पदरात आला की अर्जदार लेकीला म्हणेल, "चाल माय, झाली तुही मॅच," आणि बॉलसकट रेषेबाहेर जाईल. तो बॉल समोरच्या संघाला द्यावा, त्याबद्दल तक्रार नाही. रेफरी साहेबांनी शिट्टी खुशाल वाजवावी. त्यानंतर आकांक्षा कोपऱ्यात उभी राहील आणि उरलेली मॅच मुली आपल्या हिमतीवर खेळतील, जिंकल्या तर त्यांचे नशीब. नोटिशीतला दंड काय तो अर्जदाराच्या मानधनातून कापावा. विनंती एवढीच आहे की हॉलच्या दाराशी आपला माणूस असतो, त्याला सांगून ठेवावे. अर्जदार बाहेर पडली म्हणून त्याने लगेच दार लोटून घेऊ नये. थोडे थांबावे. मागून दामिनी येत असेल.

रविवारच्या आत हो की नाही कळवावे, ही हात जोडून विनंती. नाही म्हणालात तरी अर्जदार त्या बाकावर येऊन बसणारच आहे.

आपली नम्र आणि आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
आशाबाई रामराव म्हैसने
बाळापूर, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत जोडले आहे :
१) प्राथमिक आरोग्य केंद्राचा दाखला. डॉक्टरांनी "खेळण्यास योग्य" लिहिण्यास नकार दिला, "उभे राहण्यास योग्य" असे लिहून दिले आहे.
२) पासपोर्ट आकाराचे दोन फोटो.
३) कर्णधार माधवी तायडे हिची संमती, तिच्या सहीने.
४) दामिनीचे बूट तपासणीसाठी सोबत पाठवीत आहे. अर्जदाराच्या पायाला येतात. पाहून परत द्यावेत.
५) रविवार संध्याकाळच्या एसटीचे अमरावती ते बाळापूर आरक्षण, शेजारच्या दोन सीट, दोन्ही महिला, अर्धे तिकीट.