मीठखाडीचा चौथा भाग

मंगळवार, ९ जानेवारी

आले एकदाची मार्शगेटला. साठी उलटलेली बाई ऐन हिवाळ्यात समुद्रकाठी नोकरीला निघाली म्हणून ओल्डमच्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. निघाली तर निघाली! घरात बसून स्वेटर विणत मरणं मला जमणार नाही. इतकी वर्षं बिंगोचा हॉल भरून दाखवला, आता जुन्या टीव्ही कार्यक्रमांच्या खेळांना माणसं जमवून दाखवीन.

खोली झकास आहे. खाली बर्निस हॅलिवेलचं केस कापायचं दुकान, वर मी. मी बॅग खाली ठेवायच्या आधीच बर्निसने माझ्या डोक्याकडे पाहून विचारलं, हे कुणी कापलं, कुंपणाच्या कात्रीने का? मग खुर्चीत बसवून सगळं नीट करून दिलं आणि पैसे घेईना. वारा इतका आहे की सीगलसुद्धा मागे मागे उडतात. जेवायला मासा आणि चिप्स. खूश आहे मी.

बुधवार, १० जानेवारी

आज ज्यांनी मला कामावर घेतलं त्या जुन्या मालिकाप्रेमींच्या मंडळाचे चिटणीस भेटले, गॉडफ्री एन्टविसल. औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेले, गळ्यात बो टाय, बोलणं साखरेत घोळलेलं. मला लगेच ‘नोराबाई’ म्हणायला लागले.

त्यांचं म्हणणं असं: पूर्वी टेप फार महाग. म्हणून एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसायचा आणि त्याच टेपवर दुसरा चढवायचा. ‘मीठखाडी’ नावाची चार भागांची मालिका अशीच पुसली गेली. मंडळातले लोक तिच्यासाठी जीव टाकतात; लहानपणी एकदाच पाहिलेली, पण संवाद अजून तोंडपाठ. आता एका बंद पडलेल्या चॅपलच्या माळ्यावर, टेप पुसण्याआधी फिल्मवर उतरवलेल्या तिच्या प्रतीचे चारही डबे सापडले. ओल लागलेले. चार पात्रांच्या चेहऱ्यांवर पांढरे डाग पडलेत आणि त्यांचे आवाज गेलेत. बाकी चित्र स्वच्छ.

संहिता मात्र शिल्लक आहे. म्हणून दर रविवारी दुपारी एक भाग दाखवायचा, आणि एका पात्राचे संवाद समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी पडद्याशेजारच्या खुर्चीत छोटा दिवा लावून मोठ्याने वाचायचे. या मानासाठी इतकी भांडणं होतात, की शेवटी तिकिटांच्या नंबरांची सोडत काढायचं ठरलं. सोडत मी काढायची. बिंगोवाली मी, दुसरं कोण काढणार!

शनिवार, १३ जानेवारी

गावभर पत्रकं लावली. सोबतीला आयव्हर पोस्लथवेट होता, मंडळातला बसचालक, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. चिकटपट्टी दाताने तोडतो आणि प्रत्येक खांबाला “माफ कर हं” म्हणतो. मी हसले तर म्हणाला, इतकी वर्षं खांबांना बस घासत आलो, माफी मागायची राहिली होती.

माणसं जमवायची माझी रीत सोपी आहे. षौकिनाला कधी ‘या’ म्हणायचं नाही. जागा संपत आल्या म्हणायचं. आयव्हरला ते इतकं पटलं, की चिप्सच्या दुकानातही तो तसंच सांगत सुटला. परत येताना आम्ही बंदराच्या भिंतीवर बसून एकाच कागदातून चिप्स खाल्ल्या. हलणाऱ्या होड्या पाहून मळमळतं म्हणून तो समुद्राकडे पाठ करून बसला. व्हिनेगर तो फार घालतो. घालू दे.

रविवार, १४ जानेवारी

हॉल भरला! गॉडफ्रीने माझा हात हातात घेऊन हलवला. सोडतीत नंबर लागला सेड्रिक ऑलरनशॉचा. हा म्हणजे सगळ्यांच्या चुका काढणारा गृहस्थ, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. लहान पोरासारखा उडी मारून खुर्चीत जाऊन बसला. जकातदाराचे संवाद त्याला मिळाले.

मी काही पाहिलं नाही. खेळ चालू असताना मी मागच्या स्वयंपाकघरात कप विसळत असते, नाहीतर लोक बशा तशाच टाकून जातात. सेड्रिकचा आवाज मात्र ऐकू येत होता. शेवटी शेवटी तो भिंतीपलीकडून नाही, फार लांबून येतोय असं वाटलं. लोक पांगले तरी त्याची टोपी खुंटीवरच होती.

बुधवार, १७ जानेवारी

गंमतच आहे. गॉडफ्री म्हणतो, फिल्मवरचा एक डाग आपोआप वाळून गेला, चारही डब्यांतून. जकातदार आता स्पष्ट दिसतो, बोलतोही. त्याने पुढच्या पत्रकासाठी चित्र छापून आणलं. मी पाहिलं आणि थट्टा केली, की हा तर आपला सेड्रिक! तोच चेहरा, काडीला तीच चिकटपट्टी.

कुणी हसलं नाही. आयव्हरने विचारलं, कोण सेड्रिक? मग ते सगळे हा जकातदार म्हणजे किती थोर नट होता, लहानपणी त्याची कशी भीती वाटायची, यावर तासभर बोलत बसले. सेड्रिक ऑलरनशॉ नावाचा माणूस त्यांच्या लेखी नव्हताच. मी टोपी दाखवली, तर म्हणाले, कुणीतरी विसरलं असेल.

माझी थट्टा चालली असेल तर मला ती मुळीच आवडलेली नाही.

रविवार, २१ जानेवारी

आज बर्निसला मी फुकट तिकीट दिलं. तिचाच नंबर लागला. ती नको नको म्हणत होती, मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही म्हणाली. मीच तिला पुढे ढकललं, माझाच चष्मा तिच्या नाकावर चढवला. दाईचे संवाद होते.

कप विसळून बाहेर आले तर खुर्ची रिकामी, आणि संहितेवर माझा चष्मा.

सोमवार, २२ जानेवारी

खालचं दुकान बंद आहे. आजच्यापुरतं नाही, वर्षानुवर्षं बंद असावं तसं. काचेला आतून वर्तमानपत्रं लावलीत, पिवळी पडलेली. शेजारच्या बेकरीवालीने सांगितलं की इथे केस कापायचं दुकान कधी नव्हतंच, आणि तुम्ही वर एकट्या राहता तर भीती नाही का वाटत? तीही काल हॉलमध्ये होती.

माझे केस तर बर्निसने कापलेत! कानामागे हात लावला की कळतं.

सगळं आयव्हरला सांगितलं. त्याने हसण्यावारी नेलं नाही.  टोपी फिरवत म्हणाला की नोरा, मला हे दोघे आठवत नाहीत. तू सांगतेस म्हणून ते होते असं मी धरून चालतो. चालेल का? मला रडूच आलं. चालेल म्हटलं.

मग दोघांनी मिळून विचार केला. जे पडद्याकडे पाहतात ते विसरतात. मी कपांपाशी असते म्हणून वाचले. आणि आयव्हरला एक आठवलं: गॉडफ्री यंत्राशेजारी उभा असतो, पण त्याची पाठ पडद्याकडे असते. तो पाहतो ते लोकांकडे.

शुक्रवार, २६ जानेवारी

पोलीस चौकीत जाऊन आले. दोन माणसं हरवलीत म्हटलं. हवालदाराने नावं शोधली, अशी कुणी माणसंच नाहीत म्हणाला, आणि मला पाणी दिलं. खेळ रद्द करा म्हणून हॉलच्या समितीला सांगितलं, तर त्यांनी माझंच कौतुक केलं. तिकिटं संपली होती. आता थेट मँचेस्टरहून लोक येणार आहेत. काय करणार, माझं काम मी चोख केलंय!

मी सोडत काढणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं.

आयव्हरने तोड काढली. तो स्वतःच आधी जाऊन खुर्ची अडवणार आणि तोंड उघडणार नाही. कुणी वाचलंच नाही तर कुणी जायचंही नाही. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, अगं, गप्प बसायचंय फक्त, त्यात काय? बसमध्ये आयुष्यभर तेच केलं.

रविवार, २८ जानेवारी

तो बोलला.

स्वयंपाकघराच्या दारात पडद्याकडे पाठ करून मी ऐकत होते. नावाड्याच्या संवादाची जागा आली. शांतता. लोक चुळबुळ करायला लागले. दुसरी जागा आली, पुन्हा शांतता. मागून कुणीतरी “अरे वाच की!” म्हणून ओरडलं. तिसऱ्या जागेला आयव्हरचा आवाज आला, अगदी हळू, न वाचता, पाठ असलेला. आपली भरती आपल्यालाच ओढावी लागते, असलं काहीतरी वाक्य होतं.

लहानपणापासून पाठ होतं ते त्याला. समोर जागा रिकामी जातेय आणि ओठांवर वाक्य आहे. या वेड्या लोकांना हे सहन होत नाही. मी हे ओळखायला हवं होतं, मीच तर त्यांना गोळा करत फिरते.

मी धावले. दिवा चालू होता. खुर्ची गरम होती.

मंगळवार, ३० जानेवारी

गॉडफ्रीच्या घरी जाऊन त्याला धरलं. त्याने नाकारलं नाही. चहा ओतला. सगळे आठवतात म्हणाला, सेड्रिक, ती केस कापणारी, आयव्हर. जे पुसलं गेलं ते भरून यायला काहीतरी घालावं लागतंच, फुकट काही परत येत नाही. आणि आयव्हरचं काय बिघडलं? मागे रडणारं कोण होतं त्याला? आता हॉलभर माणसं त्याची एकेक लकब डोळ्यांत साठवतात. “अमर झाला की हो तो, नोराबाई.”

मी म्हटलं, अमर नाही, रिकामा केलात तुम्ही त्याला. तो व्हिनेगर किती घालतो ते कुणाला ठाऊक आहे? खांबाची माफी मागतो ते? नावाडी म्हणे! त्याला होडी लागते हो, बंदरावर बसल्या बसल्यासुद्धा मळमळतं त्याला.

तो म्हणाला, एवढा पुळका असेल तर चौथ्या भागात बसा तुम्हीच. मिठागराची मालकीण उरलीय. शोभेल तुम्हाला.

मी कप त्याच्या गालिच्यावर उपडा केला आणि निघून आले.

गुरुवार, १ फेब्रुवारी

हॉलच्या किल्ल्या अजून माझ्याकडे आहेत. दुपारी डबे उचलले. समुद्रात टाकायचे, नाहीतर जाळायचे. बंदरापर्यंत गेले. काड्यापेटी काढली.

नाही जमलं. आयव्हर आत आहे. फिल्मची पट्टी उजेडात धरली, डोळे बारीक करून, पटकन. होडीत उभा होता. बाकीचे अभिनय करत होते. तो नव्हता. होडीची कड दोन्ही हातांनी धरून —

डबे परत ठेवले. घरी आल्यावर त्याचं आडनाव पटकन सुचेना. एवढंसं पाहिलं तर ही गत. वहीत वर पाहून घेतलं: पोस्लथवेट. पोस्लथवेट.

शनिवार, ३ फेब्रुवारी

ठरलं. पळायचं नाही. चौथ्या भागात सगळी पात्रं मिठागरात जमतात, तिघंही एकदम पडद्यावर असणार. दिलेले शब्द वाचून ते आत गेले. मग मी दुसरे शब्द वाचते. त्यांचे स्वतःचे.

मला मालिकेतलं एक वाक्यही पाठ नाही. गप्प राहायला मला त्रास पडायचा नाही. या गावात खुर्चीत बसायला लायक अशी मीच एकटी.

जमेल की नाही, ठाऊक नाही. भीती वाटते. पाचावर धारण बसलीय, लपवायचं कशाला? पण बसणार.

रविवार, ४ फेब्रुवारी, दुपार

हॉल गच्च. खुर्चीत मी. दिवा लावला. संहिता पालथी घालून तिच्यावर ही वही. बोलता बोलता लिहितेय, पडद्याकडे पाहिलं की निसटतं म्हणून —

सुरू झालं. मिठागर. जकातदार आला. मी मोठ्याने म्हटलं, हा सेड्रिक ऑलरनशॉ, याची टोपी खुंटीवर आहे, हा सगळ्यांच्या चुका काढतो. लोक शू शू करतायत. करा!

जकातदार थांबला. चष्मा काढून पाहतोय. वाक्य चुकला. चुकला!

नावाडी. नावाडी म्हणजे — कोण? नाव गेलं. वर लिहिलंय. शोधते. आयव्हर. आयव्हर पोस्लथवेट. बसचालक. व्हिनेगर फार. मी ओरडून सांगितलं, तुला होडी लागते, उतर खाली —

त्याने कड सोडली. इकडे पाहिलं. मला पाहिलं.

मधल्या रांगेत कुणीतरी उठलं. बेकरीवाली. म्हणतेय, अहो, हा तर आपला आयव्हर! अजून एक उठला. अजून —

गॉडफ्री येतोय. पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून, धावत. दिव्याकडे हात. येऊ दे. अजून दाई राहिलीय, दाईचं नाव ब — वर आहे, वर आहे, हो — बर्निस हॅलिवेल! बर्निस, इकडे बघ, माझे केस तू कापलेस, कुंपणाच्या कात्रीने नाही, तुझ्या हाताने, पैसे घेतले नाहीस, आणि आयव्हर, हॉलचं दार डावीकडे आहे, पडद्यातून आलेला तुझा हात मी धरलाय, गार आहे पण धरलाय, ओढ, मी काही सोडणार ना