जिथं आत्याबाई तिथं मशीन

३ फेब्रुवारी १९४६, रविवार. सोलापूर

पौष संपला एकदाचा! महिनाभर घर बदलायचं नाव काढू दिलं नाही आत्याबाईंनी. पौषात म्हणे भांडंसुद्धा जागचं हलवू नये.

आता बोलायला हरकत नाही. आम्ही जाणार हे नक्की. थोरल्या भाऊजींची पोरं वाढली, खोली आहे तेवढीच, आणि गल्लीत गिऱ्हाइकांपेक्षा शिंपी जास्त झालेत. हे म्हणतात मोगलाईत जाऊ. निजामाच्या मुलखात मशीनवाले शिंपी कमी आहेत, असं ह्यांना कुणीतरी सांगितलंय. पण कुठल्या गावी? ते विचारलं की उत्तर ठरलेलं — बघू.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं हातमशीन त्यांच्या पाटल्या मोडून घेतलेलं. दिवसातून एकदा हे ऐकवल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नाही. आज जेवताना त्यांनी फर्मान काढलं, "मी सोबत येणार. जागा मला पटली पाहिजे. जिथं मी राहीन तिथं मशीन. नाही पटली तर मी आणि मशीन थोरल्याकडं परत."

म्हणजे आमचं सगळं त्यांच्या नाकावर! आणि ते नाक कशालाही मुरडतं.

मला काय हवंय ते कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते. मला माझं एक दार हवंय. त्या दारात बसून मशीन चालवायचंय. मला शिवता येतं, चांगलं येतं, लग्नाआधी मामांकडं शिकले. पण इथं दिरांसमोर मशीनवर कशी बसणार? पाच वर्षं नुसती काज-बटणं करतेय. बोटाला घट्टे पडले.

७ फेब्रुवारी, गुरुवार

तिघं मोटारीनं धाराशिवला जाऊन आलो. अंग अजून हलतंय.

गाव मोठं. कचेऱ्या, कोर्ट, शेरवानी घातलेले लोक. हे बघूनच खूश. इतके कोट, इतक्या शेरवान्या, कुणीतरी शिवतच असणार ना! शिवतात की. कोर्टासमोर शिंप्यांची रांगच होती, ती मी दाखवली तेव्हा ह्यांना दिसली.

जागा एका अर्जनवीसाच्या, कोर्टाचे अर्ज लिहून देणाऱ्याच्या घरात. पुढची खोली दुकानाला, मागची राहायला. घरमालकीण हसतमुख, पानसुपारी दिली, आणि जाता जाता म्हणाली की इथं हापिसातली माणसं राहतात, तेव्हा बाईमाणूस पुढच्या खोलीत बसलेलं बरं दिसायचं नाही. हे म्हणाले, बघू.

आत्याबाईंनी भिंतीला हात लावला. मग तोच हात माझ्या गालाला लावला. गार! ओल होती भिंतीला. "ह्या भिंतीत मी महिन्यात आखडून जाईन," म्हणाल्या आणि सरळ बाहेर पडल्या. त्या नाकाचा मला एवढा लळा कधी लागला नव्हता.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आत्याबाईंना दोनदा चहा दिला. न मागता. संशयानं बघत होत्या.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

उमरगा बघून आलो. हमरस्त्यावरचं गाव, गाड्यांची आणि मोटारींची ये-जा दिवसभर. बाजारात मराठी बोलतात, कानडी बोलतात, भाव करताना दोन्ही. आत्याबाई बाजारात एकदम गप्प झाल्या. गर्दीचा राग आला असेल.

माणिकप्पा म्हणून धान्याचे व्यापारी आहेत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. त्यांच्या दुकानाला लागून एक गाळा रिकामा आहे, मागं एक खोली. मला म्हणाले, "मशीन फुडं, तुमी मागं. काय त्रास न्हाय अक्का तुमाला." भल्या मनानं म्हणाले. मागची खोली अंधारी, तिचं दार बोळात उघडतं, बोळात कुणाचीतरी म्हैस बांधलेली. तिनं मला पाहिलं, मी तिला.

मी आत्याबाईंच्या नाकाकडं बघत राहिले. मुरड बाई, मुरड! पण नाही. "चालंल," म्हणाल्या. मी हळूच विचारलं, खरंच चालेल? तर म्हणतात, किती फिरू आता, पाय राहिले नाहीत. ह्यांनी तिथंच माणिकप्पांना शब्द दिला. आयुष्यात पहिल्यांदा 'बघू' म्हणाले नाहीत, आणि नेमके तेव्हाच!

परत येताना थोडं रडले. मग माझा मलाच राग आला. दार ते दार. म्हशीला चोळी शिवीन.

१६ फेब्रुवारी, शनिवार. वाटेत

निघालो! वाईट वाटेल वाटलं होतं, पण गल्ली मागं पडली आणि मला गाणंच सुचायला लागलं. जाऊबाई मात्र रडल्या. त्यांना आता काज-बटणं करावी लागणार.

गाडी जळकोटच्या गुरुसिद्धप्पांची. सोलापूरला अडत्याकडं भुईमुगाच्या शेंगा घालायला आले होते, परत रिकामेच चालले होते. आम्हाला उमरग्यापर्यंत पोचवतो म्हणाले. ह्यांना 'मास्तर' म्हणतात. हे गाडीत ताठ बसलेत.

मोगलाईच्या नाक्यावर गंमत झाली. करोडगिरीच्या, म्हणजे तिथल्या जकातीच्या कारकुनानं मशीनच्या पेटीवर काठी टेकवली आणि विचारलं, यात काय? हे दख्खनीत शब्द जुळवत बसले, तोवर आत्याबाई ठसक्यात बोलल्या, "माझ्या पाटल्या हायेत त्यात." झालं! सोनं म्हटल्यावर पेटी उघडली, गाठोडी उघडली, मिरच्यांचं मडकंसुद्धा पालथं केलं. सगळे शिंकतायत, कारकूनही शिंकतोय. मशीन मोडलेल्या पाटल्यांचं आहे हे समजलं तेव्हा तो इतका हसला की जा म्हणाला. हसत हसत मोगलाईत शिरलो.

१७ फेब्रुवारी, रविवार. जळकोट

दिवस मावळताना जळकोटला आलो. गुरुसिद्धप्पांच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर पथारी टाकली आहे. त्यांच्या बायकोनं, शरणम्मानं, गरम भाकरी आणि झुणका वाढला. सकाळी लवकर निघायचं. उमरग्याला माणिकप्पा उद्या वाट बघणार.

१८ फेब्रुवारी, सोमवार. जळकोट

कुठं निघतोय! आज दिवसभर इथंच!

सकाळी आम्ही आवरून बसलो, गाठोडी गाडीत टाकली. गुरुसिद्धप्पा आले ते बैलांना अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून. बैलांच्या हं! ह्यांनी विचारलं, जुंपायचं ना? तर म्हणाले, "आज न्हाय मास्तर. सोमवार हाय. बसवण्णाचा वार. आज बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाय आमी."

हे म्हणाले दुसऱ्या कुणाची गाडी बघू. गावभर फिरून आले. आज कुणी जुंपणार नाही. ह्यांनी निघायचा दिवस ठरवताना राहूकाळ बघितला, चंद्र बघितला, बैल बघायचे राहिले.

माझं डोकं फिरलं. मी अंगणात उभी राहून बोललेच — बैलांना सुट्टी, आणि आम्ही काय इथं हवा खायची? गुरुसिद्धप्पा खाली मान घालून उभे. शरणम्मा मात्र हसायला लागली. म्हणाली, "बैल बसला म्हंजी आमीबी मोकळ्या, अक्का. रानात जायाचं न्हाय आज. तवा बसा की." आणि ताटभर हरभऱ्याचा हावळा पुढं ठेवला. ढाळे भाजलेले, काळे, गरम. आता हावळा सोलता सोलता कोण भांडणार? दोन मिनिटांत माझे ओठ काळे झाले आणि राग गेला.

मग नाक्यावर मशीनला धक्का लागला का बघावं म्हणून पेटी उघडली. ओट्यावर ठेवलं, चाक फिरवलं, ठीक होतं. शरणम्मानं आतून एक खण आणला. कधीचा पडून आहे म्हणे. चोळी कुणाकडं शिवणार? बाजारात शिंपी पुरुष, त्याच्यासमोर कसं उभं राहायचं! तिची जुनी चोळी मापाला घेतली, बेतली, बसले मशीनवर. सगळ्यांसमोर. ओट्यावर. दारात!

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता म्हणतात 'बघू'. कुठलं काय! सुईत दोरा ओवून दिला आणि बाजूला बसले.

चोळी झाली तोवर अंगणात बायका मावेनात. सगळ्या मोकळ्या ना आज! कुणी खण आणला, कुणी पोरीचं परकराचं कापड. शरणम्मा नवी चोळी घालून आली आणि हात वर करून, खाली करून दाखवायला लागली, कुठं ताणत नाही म्हणून. मला हसू आवरेना. मी किती खूश आहे हे लिहायला आज शब्द पुरत नाहीत. हात दुखतोय आणि दुखू दे.

आणि आत्याबाई! कोपऱ्यात बसल्या होत्या. एका म्हातारीनं त्यांना कानडीत काहीतरी विचारलं. मी सांगणार होते की त्यांना कळत नाही, तेवढ्यात आत्याबाईंनी उत्तर दिलं. कानडीत! मग दुसरं, मग तिसरं. मग धबधबाच. हातवारे करून, डोळे मिचकावून. पाच वर्षांत त्यांना असं बोलताना मी पाहिलं नाही. हेसुद्धा कात्री हातात धरून बघत राहिले, पोटचा मुलगा असून ह्यांना ठाऊक नव्हतं.

रात्री पाय चेपताना विचारलं. म्हणाल्या, "अक्कलकोटाकडचं माहेर माझं. घरात कानडीच. लगीन होऊन आले, तोंड उघडलं की सासू हसायची, नणंदा हसायच्या. मग गिळून टाकली."

आणि सोमवारचं? बैल जुंपत नाहीत, ते तुम्हाला माहीत होतं?

"न माहीत असायला काय झालं? मला इचारलं का कुणी?"

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडी जुंपायला गुरुसिद्धप्पा तयार. मीच तयार नाही.

सांगितलं मी सरळ. इथं शेजारी गुरुसिद्धप्पांच्या चुलतभावाचं माळवदाचं घर रिकामं आहे, दोन खोल्या, पुढं ओटा, दार उगवतीला. मला इथं राहायचंय. हे म्हणाले, अगं पण शब्द दिलाय. आणि मी काय करू, बायकांच्या चोळ्या शिवू? मी म्हटलं, सकाळी मशीन माझं, दुपारनंतर तुमचं. पैरणी बेता, बाजार फिरा, गिऱ्हाइकं आणा. तुम्हाला बोलायला माणसं हवीत, ती मिळतील. ह्यांनी विचारलं, काज-बटणं कोण करणार? मी नुसतं बघितलं ह्यांच्याकडं. हे आपल्या बोटांकडं बघायला लागले.

मग दोघंही आत्याबाईंकडं वळलो. त्या म्हणाल्या, "तुमी दोघं खुशाल जावा उमरग्याला. मी हितंच हाय." आणि कालच्या त्या म्हातारीकडं निघून गेल्या.

म्हणजे मशीन इथं! जीव भांड्यात पडला. पण रात्री अंथरुणावर वाटलं — राहिलं ते त्यांच्यामुळं. माझ्या म्हणण्यानं काही राहिलं नाही. असो. ओटा तर मिळाला.

२० फेब्रुवारी, बुधवार

हे मोटारीनं उमरग्याला जाऊन माणिकप्पांना भेटून आले. घाबरत गेले, हसत आले. माणिकप्पा रागावले नाहीत. सोमवारी लिंगायतांच्या गावात अडकला म्हणजे मास्तर, देवानंच उतरवलं की तुमाला, म्हणाले. वर दोन पैरणींचं कापड दिलं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

घर सारवलं. शरणम्मानं आपल्या चुलीतला विस्तव आणून आमची चूल पेटवली. पहिली भाकरी करपली. तीच सगळ्यांनी वाटून खाल्ली.

२५ फेब्रुवारी, सोमवार

बैल बसलेले. ओटा बायकांनी भरलेला. शेजारच्या गावाहून आलेल्या एकीनं आत्याबाईंना कानडीत काही विचारलं. त्यांनी मशीनकडं बोट केलं, मग माझ्याकडं, आणि दोन वाक्यं बोलल्या. शरणम्मा माझ्याकडं बघून हसली. मी टाका थांबवून विचारलं, काय म्हणाल्या? "ती इचारती, मशीन कुनाचं, घर कुनाचं. अव्वा म्हनल्या, दोनी सुनंचं. मी तिच्यापाशी ऱ्हाते."

पुढची शिवण वाकडी गेली. उसवली नाही.