यावरून सहज दिसते की

४ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. कोणी वाचू नये म्हणून अक्षर मुद्दाम वाईट काढतोय. (ही म्हणते, मुद्दाम कशाला काढायला हवंय.)

विद्यापीठाच्या नव्या पाठ्यपुस्तकात माझ्या भेगांच्या सिद्धांतावर अख्खं प्रकरण येतंय. ट्रेमधला घट्ट चिखल वाळला की त्याला सगळ्या भेगा एकाच दिशेने का पडतात, हे जगाला मी सांगितलं. प्रकाशामुळे. समीकरणासकट. आता समिती म्हणते, प्रकरण कोणी लिहायचं ते वर्गावर पाठ घेऊन ठरवू. एक पाठ माझा, दुसरा माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा. वर्गात तिला शंकेखोर म्हणत. म्हणजे मीच म्हणत असे. हल्ली ती माझाच सिद्धांत माझ्याच कॉलेजात शिकवते.

हसू आलं. पोराला आईपेक्षा शेजारीण जास्त ओळखते का, असं हिला विचारलं. ही म्हणाली, आपल्या चिरंजीवांचं प्रेमप्रकरण आधी शेजारणीलाच कळलं होतं.

यापुढे हिला उदाहरणं देणं बंद.

७ ऑगस्ट, सकाळी
संकल्प: प्रकरण आधीच लिहून तयार ठेवायचं. निवड ही फॉर्मॅलिटी. पेन्सिलींना टोकं केली. स्वतःचा जुना पेपर काढला. काय भाषा! काय आत्मविश्वास!

त्याच दिवशी, संध्याकाळी
पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीच्या आधी मी लिहिलंय, ‘यावरून सहज दिसते की’. दिसत नाही. दुपारभर बघितलं. तेव्हा दिसलं असणार, त्याशिवाय लिहिलं नसतं.

चष्म्याचा दोष.

८ ऑगस्ट
चष्मेवाला म्हणतो, नंबर तोच आहे. चष्मेवाला बदलायला हवा.

१० ऑगस्ट
शंकेखोरला फोन केला. परीक्षा घेतल्यासारखं सहज विचारलं, दुसरी पायरी तू कशी समजावतेस? तिने एका दमात सांगितलं. शाबास म्हणालो. मग म्हणालो, आता वर्गाला सांगतेस तसं हळू सांग. सांगितलं. पुन्हा शाबास म्हणालो. फोनची लाइन खराब असल्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, सर, मला वाटतं समीकरण बरोबर आहे, पण त्यात प्रकाशाचा काही संबंधच नाही. समीकरण माझं, चिखल माझा, आणि संबंध ही ठरवणार! रागावलो नाही. जेवलो मात्र नाही.

११ ऑगस्ट
तिला तोंडावर पाडण्याचा बेत. दोन ट्रे भरले. एक खिडकीत, एक चपलांच्या कपाटात. कपाटातल्या भेगा वेड्यावाकड्या पडणार, पैज.

१३ ऑगस्ट
दोन्हीकडे भेगा सारख्याच. एका दिशेने, शिस्तीत. कपाटाच्या किल्लीच्या भोकातून प्रकाश आत जातो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भोकात कापूस कोंबला. नवा ट्रे ठेवला.

१५ ऑगस्ट
कापूस निकृष्ट.

१६ ऑगस्ट
शंकेखोर स्वतःच घरी आली. म्हणाली, सर, एक ट्रे भरून नेहमीसारखा खिडकीत ठेवता का? ठेवला. मग तिने हिला तसाच एक न्यायला सांगितलं. ही पाण्याचा थेंब न हलवता चालते. मी चालताना ट्रे मागेपुढे झुलतो, कारण मी विचार करत चालतो.

१८ ऑगस्ट
माझ्या ट्रेत शिस्तीच्या भेगा. हिच्या ट्रेत वाटेल तशा. खिडकी तीच, ऊन तेच. शंकेखोर म्हणाली, चिखल ओला असताना बसलेला हेलकावा त्याच्या लक्षात राहतो. वाळताना तो तेच सांगतो. म्हणजे इतकी वर्षं चिखल माझी चाल सांगत होता आणि मी खिडकीकडे बघत होतो. ही म्हणाली, तुमच्या चालीबद्दल मीही सांगत होते.

शंकेखोरला सांगितलं, प्रकाश म्हणजे व्यापक अर्थाने हेलकावाच. तिने मान हलवली. नक्की कोणत्या दिशेला, ते कळलं नाही.

२० ऑगस्ट
पाठ. सुरुवात दणक्यात केली. समिती मागच्या बाकावर. मग फळ्यावर लिहिलं, ‘यावरून सहज दिसते की’, आणि खडू तिथेच थांबला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, कसं दिसतं सर? मी म्हणालो, उत्तम प्रश्न, कोण सांगेल? अख्ख्या वर्गाचे हात वर. शंकेखोरचाच वर्ग.

एकाने फळ्यावर येऊन सांगितलं. दोन ओळी.

आणि मला कळलं! खरंच कळलं. इतका आनंद झाला की टाळ्या वाजवल्या आणि रिकाम्या बाकावर जाऊन बसलो. उठायचं राहून गेलं. पाठ संपला असं समजून समितीने आभार मानले.

एकंदरीत छाप चांगली पडली. प्रकरण माझंच.

२५ ऑगस्ट
प्रकरण तिला.

समितीला विषयाची जाण नाही. फोन घेणार नाही. बोलणार नाही. प्रकरण पाठवलं तरी वाचणार नाही.

९ सप्टेंबर
तिने तपासायला पाठवलं. चुका काढण्यापुरतंच उघडलं. एका बैठकीत संपवलं. चहा गार झाला. चूक एकही नाही. किती साधं, किती सरळ, कुठे अडखळायला होत नाही. मिटून ठेवलं आणि बराच वेळ हळहळलो, की हे आपल्याला का नाही सुचलं.