भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची सही

मी, पद्मजा मधुसूदन सावळापूरकर, वय त्र्याहत्तर वर्षे, निवृत्त मराठी प्राध्यापिका, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टर इंद्रजित राठोड यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. मला दाबणारा माणूस या जिल्ह्यात जन्मायचा आहे, असे मी व्यासपीठावरून म्हणत असे आणि टाळ्या घेत असे. ते खोटे होते. कसे, ते तिसऱ्या कलमात लिहिते.

यापूर्वी २०१६ साली मी एक मृत्युपत्र केले होते व त्यात माझे सर्व काही मुलगा साकेत याला दिले होते. ते मी रद्द करते.

१. माझे पती मधुसूदन एप्रिल २०११ मध्ये वारले. मला दोन अपत्ये. थोरली गौरी, वय बेचाळीस. तिचे लग्न पुसदला झाले होते. २०१८ साली ते मोडले आणि ती परत आली. तेव्हापासून ती माझ्याजवळ राहते आणि इथल्या एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. धाकटा साकेत, वय एकोणचाळीस, पुण्याला एका कंपनीत नोकरी करतो. स्पृहा ही त्याची पत्नी. दोघे दर दिवाळीला पाच दिवस येतात.

२. दारव्ह्याचे राहते घर माझ्या पतीने १९८९ साली बांधले. पाच खोल्या आणि मागे आवार. मृत्युपत्र न करताच ते गेले, म्हणून कायद्याने घराचे तीन सारखे हिस्से झाले: एक माझा, एक साकेतचा, एक गौरीचा. आज कागदोपत्री दोन हिस्से माझे दिसतात आणि एक साकेतचा. गौरीचा हिस्सा माझ्याकडे कसा आला, हे नोंदवल्याशिवाय पुढचे एकही कलम लिहिण्याचा मला अधिकार नाही.

३. आमच्या भागात हक्कसोडाचा एक मोसम असतो. दिवाळीत लेकी माहेरी येतात. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो, साडी देतो, आणि सुट्टी संपून कचेऱ्या उघडल्या की बहिणीला रजिस्ट्रीला नेतो. तिथे ती बापाच्या जमिनीवरचा, घरावरचा हक्क सोडल्याची सही करते आणि दुपारच्या गाडीने सासरी जाते. कोणी तिला मारत नाही, कोणी कोंडत नाही. पोटभर जेवू घालतात. या प्रथेविरुद्ध मी यवतमाळ जिल्ह्यात वीस वर्षे बोलले. "बहिणींनो, ओवाळायला गेलात तर ताट घेऊन जा, अंगठा घेऊन जाऊ नका!" हे माझेच वाक्य. दारव्ह्यात त्याची भित्तिपत्रके लागली होती.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर २०१२, भाऊबीजेचा दुसरा दिवस. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी माझ्या मुलीला दारव्ह्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नेले.

कागद माझ्या दिरांनी तयार करून आणला होता. "वहिनी, जावयाचा काही भरवसा नाही. उद्या दावा ठोकेल. लेकीचा हिस्सा तुमच्या नावे करून घ्या, पुढे साकेतचंच आहे," असे ते म्हणाले. मला ते पटले. मोह नव्हता, धाकही नव्हता, पटलेच. हीच गोष्ट मला आज सर्वांत जड जाते. घर मुलाचे, हे माझ्या हाडात होते, आणि मला दाबणारे तेच होते. भाषण फक्त जिभेवर होते.

आदल्या दिवशी साकेतने तिला मोरपंखी साडी दिली होती. ती मीच आणली होती, जरा भारीतली. तीच नेसून ती आली. कार्यालयाबाहेरच्या बाकावर तिने एकच विचारले, "आई, वाचू का एकदा?" मी म्हणाले, "अगं, एकला त्यांची जेवणाची सुट्टी होते. मी वाचलंय ना." हजारो बायकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असे सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकीला वाचू दिले नाही.

त्या दस्ताच्या शेवटच्या पानावर गौरीचा फोटो आहे. त्यात ती हसते आहे. मशीनवरचा माणूस म्हणाला होता, "ताई, इकडे पाहा," आणि सवयीने ती हसली.

४. हे तेरा वर्षांनी का सुचले, असे कोणीही विचारील, म्हणून यंदाच्या दिवाळीचा वृत्तान्त देते.

आमच्या घरची दिवाळी गौरी अकरा वर्षांची असल्यापासून करते. मी त्या काळात दिवाळी अंकांना स्त्रियांच्या श्रमांवर लेख देत असे. पुढच्या खोलीत माझा लेख चाले आणि मागे ती करंज्यांच्या कडा कातत बसे. नरकचतुर्दशीला पहिले तेल साकेतच्या अंगाला लागे, कारण तो लहान होता. पुढे तो मोठा झाला, तरी पहिले तेल त्याचेच राहिले. यंदाही अनारशांचे पीठ गौरीने शाळा सांभाळून केले, माळे झाडले, गाद्या उन्हात टाकल्या. आमच्याकडे धुणीभांडी करणारी कांताबाई धनत्रयोदशीला मला तोंडावर म्हणाली, "बाई, तुमची पोरगी अन् मी, दोघीच राबून राह्यलो या घरात. फरक येवढाच, मले पगार भेटते." मी हसले. चांगले वाक्य कानावर पडले की मला आधी हसू येते, अर्थ मागून येतो.

पाडव्याच्या दुपारी साकेतने मोजमापाची टेप काढून घर मोजायला घेतले. हॉल, माजघर, आवार. यवतमाळचा कोणी बिल्डर त्याच्या ओळखीचा आहे. "आई, तू चल पुण्याला. इथं आरामात तीन मजले होतात," तो म्हणाला.

मी म्हणाले, "अन् गौरी?"

"ताई काय लहान आहे का? शाळेजवळ खोली घेईल एखादी. भाडं देऊ आपण. काहून टेन्शन घेऊन राहिली तू?"

तेव्हा जेवायला बसलेली स्पृहा ताटावरून म्हणाली, "साकेत, ताईंना विचारलं का कोणी?" हा प्रश्न विचारणारी त्या घरात ती एकटी होती, हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

"विचारायचं काय त्यात? सही केली ना तिनं केव्हाच," साकेत म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. पाऊस पडला असे सांगावे, तसे त्याने सांगितले. मी त्याला असाच वाढवला आहे.

गौरी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिने झारा थांबवला नाही. "हो, केली ना. गरम आहेत तोवर जेवून घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओवाळले. त्याने पाकीट घातले. तिने ते देवापाशी ठेवले. शनिवारी ते दोघे फराळाचे डबे घेऊन पुण्याला गेले.

५. सबब घराची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे करते. साकेतचा तिसरा हिस्सा त्याचा आहे, त्याला मी हात लावत नाही. माझ्या नावे असलेले दोन्ही हिस्से माझ्या पश्चात गौरीचे व्हावेत. त्यांपैकी एक मी देत नाही, परत करते आहे.

६. पेन्शनीतून उरलेली बँकेतील ठेव दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझ्या पाटल्या स्पृहाला. त्या जुन्या घडणीच्या आहेत, मोडल्या तरी माझी हरकत नाही. पुस्तके गावच्या वाचनालयाला, मात्र समासात मी जिथे जिथे "वा!" लिहिले आहे, तिथे वाचकाने स्वतःचे डोके चालवावे. सत्कारांत मिळालेल्या सत्त्याऐंशी शाली कपाटात आहेत. हव्या त्या आणि हव्या तितक्या कांताबाईने आधी निवडून घ्याव्यात, उरलेल्या थंडीत बाजारच्या दिवशी वाटाव्यात. स्मृतिचिन्हे भंगारात द्यावीत. लाकडी असतील ती बंबात चालतील.

७. माझे दीर हयात असल्यास त्यांची इथे विसरलेली छत्री त्यांना परत करावी. सल्ला मी परत करू शकत नाही. तो मी स्वखुशीने घेतला होता, त्यांना दोष देऊन मी सुटणार नाही.

८. बोरी अरबच्या तुळसाबाई यांचे माझ्याकडे एक येणे आहे. २०१४ साली तिथल्या महिला मेळाव्यात त्यांनी माझे भाषण ऐकले. पुढे दारव्ह्याच्या बाजारात त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बाई, तुमचं आयकलं अन् मी सही नाही केली. भावानं दार लावलं, भाऊबीज बंद झाली माही. पण दोन एकर वावर माह्या नावानं हाये." मग अगदी सहज म्हणाल्या, "तुमच्या लेकीले तं तुम्ही देलंच असन."

मी म्हणाले, "हो, दिलं."

तुळसाबाई, मी खोटे बोलले. तुम्ही माझ्या शब्दावर माहेर गमावले आणि मी माझाच शब्द पाळला नाही. हे कलम त्यांना नेऊन वाचून दाखवावे. त्या शिव्या देतील. मध्ये अडवू नये.

९. माझी तेरवी करू नये. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर 'स्त्रीमुक्तीचा बुलंद आवाज' हे शब्द कोणी उच्चारू नयेत.

१०. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सून स्पृहा साकेत सावळापूरकर हिला नेमते. नवऱ्याच्या विरोधात उभे राहावे लागेल, म्हणून लोक तिची कीव करतील. मला तिच्याबद्दल कीव नाही, भरवसा आहे.

११. इथवर लिहून झाल्यावर सोमवारी दुपारी मी हे गौरीला वाचून दाखवले. मला वाटले होते ती रडेल. मी तशी तयारीही केली होती, काय बोलायचे ते ठरवले होते. ती वह्या तपासत होती. पाचवे कलम ऐकून तिने पेन खाली ठेवले.

"तू गेल्यावर ना?" तिने विचारले.

"मृत्युपत्र आहे गं, गेल्यावरच असतं."

"म्हणजे तू जाईपर्यंत मी इथं कोण आहे? अन् पुढच्या दिवाळीत साकेत येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवेल, तेव्हा हा कागद राहील? मृत्युपत्र तुला केव्हाही बदलता येतं, आई. २०१६ चं बदललंच ना तू आत्ता? मला माझी सही नाही बदलता आली."

मी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"अन् त्याला कोण सांगणार?" ती पुढे म्हणाली. "तू तर नसशील. हा कागद घेऊन त्याच्यासमोर मलाच उभं राहावं लागेल. भांडण माझ्या नावावर करून तू मोकळी होऊन राहिली."

ती खरे बोलली. जिवंतपणी माइकवर गरजायचे आणि घरातले मेल्यावर कागदाकडून बोलवून घ्यायचे, याला भेकडपणा म्हणतात. दुसऱ्या कोणी केला असता, तर मी त्यावर तासभर बोलले असते.

म्हणून पाचवे कलम बदलून असे लिहिते: गौरीचा मूळ तिसरा हिस्सा मी काल, ३० ऑक्टोबर रोजी, नोंदणीकृत बक्षीसपत्राने तिच्या नावे केला आहे. तो या क्षणी तिचा आहे. मला आता तो परत घेता येणार नाही, आणि म्हणूनच मी तसा दिला. माझा स्वतःचा तिसरा हिस्सा माझ्या पश्चात तिला मिळावा.

१२. आज सकाळी मी साकेतला फोन केला. नऊ वाजता, तो कामावर निघण्यापूर्वी. गौरी शाळेत गेली होती. हे माझे बोलणे होते, त्यात तिला उभे करायचे नव्हते.

मी सगळे सांगितले. २०१२ चे, बक्षीसपत्राचे, या कागदाचे.

तो म्हणाला, "ताईनं कान भरले का तुझे?"

"नाही. तिनं तर मला झापलं."

"तुला मी काय कमी केलं, आई? दर दिवाळीला येतो. दर दिवाळीला! माझे मित्र फिरायला जातात, मी दारव्ह्याला येतो."

"येतोस. अन् मी तुला पाच दिवस पाहुण्यासारखं बसवते. चूक माझी आहे, साकेत. तुझा हिस्सा मी घेतला नाही. तिचा घेतला होता, तो दिला."

"आता भाषण नको करू." त्याचा आवाज लहानपणी ताप आला की व्हायचा, तसा झाला होता. "सरळ सांग ना, दिवाळीला येऊ नको म्हणून."

"ये. घर तुझंही आहे. नुसतं तुझंच नाही, एवढंच."

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. त्याने उचलला नाही. दुपारी स्पृहाचा निरोप आला: "आई, थोडा वेळ द्या त्यांना." किती वेळ, ते तिने लिहिले नाही. माझ्याकडे किती आहे, ते मलाही माहीत नाही.

मुलगा तुटण्याची भीती मला वाटते. रात्रीचा डॉक्टर, इस्पितळ, शेवटचे पाणी, ही सगळी भीती वाटते. तिच्यापोटीच मी तेरा वर्षे गप्प होते. ती गेलेली नाही. ती असतानाच मी खाली सही करते आहे.

असे दस्त 'राजीखुशीने' केले जातात. वकिलांनी दिलेल्या छापील नमुन्यातला हा शब्द मी आधी इथे उतरवला होता. मी हे मृत्युपत्र राजीने करते आहे. 'खुशी' खोडून त्यावर माझी आद्याक्षरे केली आहेत.

ठिकाण: दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक: ३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

(सही) पद्मजा मधुसूदन सावळापूरकर

पद्मजाबाईंनी हा दस्त आम्हा दोघांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला, आमच्यादेखत सही केली, आणि मग त्यांच्यादेखत व एकमेकांदेखत आम्ही सह्या केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. इंद्रजित राठोड, दारव्हा
२. (सही) ममता भगत, निवृत्त ग्रंथपाल, दारव्हा