घरावरून जाणारं विमान

ता. २ मे

तीर्थरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग तुम्ही सगळ्यालाच बरं बरं म्हणता, त्यापेक्षा पत्रच बरं.

काल गच्चीवर दिसलात. तुम्ही हलवता ते नारिंगी अस्तर विमानातून बघितलं की रस्ता खोदणारे गाड्या अडवतात तसं वाटतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाकडे याहून बरं कापड नाही का?

यावेळीही घरी येणं जमलं नाही. टपालाची पोती आणि चार प्रवासी उतरवले की लगेच परत निघावं लागतं. विमान चालवायला पुढे मी एकटाच असतो, बोलायला कुणी नाही. आपली गच्ची दिसली की बरं वाटतं. गुडघ्याला तेल लावता ना? आई असती तर तिने हे आधी विचारलं असतं.

लोभ आहेच, तो कमी पडू देऊ नका.

तुमचा,
भुंगा


ता. ९ मे

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

अस्तराची थट्टा पुरे. एका गिऱ्हाइकाच्या कोटासाठी आणलं होतं, गिऱ्हाईक फिरकलंच नाही, म्हणून रंग टिकलाय. लहानपणी घूं घूं करत घरभर हिंडायचास तेव्हा मी वैतागायचो. आता त्याच आवाजाची वाट बघतो.

मशीनला तेल घालतो, पण शिवायला कुणाचं काही येत नाही. परवा उशीचा धडधाकट अभ्रा उसवला आणि पुन्हा शिवला. हसू नकोस.

तुझं विमान आलं की मांडणीतली भांडी आधी थरथरतात, मला ऐकू नंतर येतं. मग काठी टेकत वर जातो. दिवसभरात माझी माणसाशी भेट तेवढीच. मी तुला नक्की दिसतो ना? खात्रीने कळव.

माया आहे तशीच आहे, पत्रात खंड पाडू नकोस.

तुझा,
आप्पा


ता. ३ जून

तीर्थरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा, की मी सुखरूप आहे आणि प्रवासीही. गेल्या महिन्यात मी चाकं बाहेर न काढताच विमान उतरवलं. पोटावर घसरत गेलो. ठिणग्या उडाल्या, मग सगळं शांत झालं. मागे बसलेल्या बाईंनी विचारलं, की पोचलो का.

उतरण्याआधी एक यादी मोठ्याने म्हणायची असते. इंधन, चाकं, पंखांच्या झडपा असं एकेक तपासायचं. एरवी झोपेतही म्हणेन. पण आपलं घर नेमकं चाकं काढायच्या जागी येतं. त्या दिवशी इंधनापर्यंत आलो आणि गच्ची रिकामी दिसली. जिन्यात पडलात की काय, नाही नाही ते मनात आलं. मान वळवून बघत राहिलो आणि पुढची यादी म्हटली असंच वाटलं. चाकं नाहीत म्हणून भोंगा ओरडत होता. तो कानात शिरला, डोक्यात नाही.

चौकशीला आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, की लक्ष कुठे होतं. मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाल्या, की मागे बसलेल्यांचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं. फेरपरीक्षा पास झालो. सोमवारपासून पुन्हा तोच मार्ग. आता चूक झाली तर परवाना गेला, आणि त्याहून वाईटही होऊ शकतं.

आप्पा, गच्चीवर येऊ नका. तुम्ही येणारच नाही असं ठरलं, तर गच्ची रिकामी दिसली तरी भीती वाटणार नाही. हे लिहायला हात धजत नव्हता. त्या दिवशी कुठे होतात, तेवढं कळवा.

रागावलात तरी लोभ सोडू नका.

तुमचा,
भुंगा


ता. १२ जून

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप आहेस हे वाचलं आणि बाकीचं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं.

त्या दिवशी सिलेंडरवाला आला होता. नवीन माणूस. त्याने सहज विचारलं, की मशीन चालतं का, आणि मी बोलतच सुटलो. भांडी थरथरली ते कळलं होतं मला. पण म्हटलं, तू काय, उद्याही जाशील वरून. हा उठला तर परत कधी यायचा? म्हणून बसून राहिलो. स्वतःला फार दोष देऊ नकोस.

सोमवारी खुर्चीचे हात धरून आतच बसलो. पाय जिन्याकडे ओढत होते, त्यांना दटावलं. आवाज डोक्यावरून गेला आणि मग बराच वेळ काहीच नाही. तू परत निघालास तो आवाज आला, तेव्हा कुठे जेवलो. यापुढे गच्चीवर मी असणार नाही. तू समोर बघ.

आता एक सांगतो. मुलगा येऊन गेला, असं मी शेजारी सांगायचो. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आई गेल्यापासून तू या घरावरून किती वेळा गेलास, पण घरात एकदाही आला नाहीस. सुट्टी काढ आणि चालत ये.

लोभ पत्रात पुष्कळ झाला. ये.

तुझा,
आप्पा