हिडनझेहून नागपूरला

नागपूर, २० जुलै २०२०

प्रिय शांता,

सप्रेम जय भीम, वि. वि. तुझं पत्र बावीस दिवसांनी मिळालं. व्हिडिओ कॉलवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि मी नुसती मान हलवतो, हे तू ओळखलंस. तेव्हा पत्रच बरं.

लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी गेलीस आणि विमानं बंद झाली, त्यात तुझा काय दोष? निशिगंधा कळवते की ती आणि लोकेश ईशानला घेऊन आठवडाभर बाल्टिक समुद्रातल्या हिडनझे बेटावर जाणार आहेत आणि तू मात्र हॉलंडातच, आइंडहोवनच्या घरी, एकटी राहायचं म्हणतेस. असं करू नकोस. भूगोलाचा मास्तर म्हणून तीस वर्षं मी तो समुद्र फळ्यावर काढला. प्रत्यक्षात पाहिला तो अंबाझरी तलाव. तू जा आणि सगळं लिही.

मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं आलंय, पेन बदलायला हवं. ईशानचा पापा घे.

लोभ इथे भरपूर शिल्लक आहे.

तुझा,
श्यामकांत


हिडनझे, १९ ऑगस्ट २०२०

प्रिय मास्तर,

सप्रेम जय भीम, वि. वि. आधी बेटाचं लिहिते, रागाचं नंतर.

इथे मोटारींना बंदी आहे. बोटीतून उतरल्यावर आमचं सामान घोडागाडीतून आलं. घरांना गवताची जाड छपरं. वाटेवरच्या काटेरी झुडपांना बोरांहून लहान, नारिंगी, आंबट फळं येतात, त्यांचा मुरंबा करतात. काल वारा सुटला होता, तर आज सकाळी निम्मं गाव किनाऱ्यावर वाकून लाटांनी आणलेलं अंबर, म्हणजे डिंकाचा दगड झालेले पिवळे खडे, शोधत होतं. लोकेशला मिळाली ती काच निघाली.

घरांच्या दारांवर दोन-चार रेघांची एकेक खूण असते. पूर्वी नाव लिहिण्याऐवजी कोळी तीच होडीवर आणि जाळ्यावर घालत. मुलानं वेगळं घर केलं की बापाच्या खुणेत तो एक रेघ वाढवायचा. खूण घराची, जातीची नाही. तुम्हाला आवडली असती.

आता राग. पेनाचं मला पटलं नाही. निशिगंधाला विचारलं तर ती रडायलाच लागली. तुम्ही नऊ दिवस कोरोनानं इस्पितळात होतात, शेजारच्या सतीशनं तिला कळवलं, आणि मला सांगितलं ते फोन बिघडल्याचं. मी बत्तीस वर्षं नर्स होते, मास्तर. परक्यांच्या उशाशी बसले. तुमच्या उशाशी कोण होतं?

संध्याकाळी घरमालकीण हेल्गाबाई चहा घेऊन आल्या. इथे पूर्वी पूर्व जर्मनीचं राज्य होतं, कुणी देशाबाहेर पळू नये म्हणून समुद्रावर पहारा असे. त्यांचा भाऊ होडीतून डेन्मार्कला पळाला. घरच्यांना त्रास नको म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तो बावीस वर्षांनी भेटला. निशिगंधानं मला भाषांतर करून सांगितलं, की तो गेल्याचं त्यांनी केव्हाच माफ केलं, न सांगितल्याचं अजून जमलेलं नाही.

ऑक्टोबरात ॲम्स्टरडॅमहून विशेष विमान आहे. निशिगंधाचं काम सुरू होतंय, तिला मी हिवाळाभर हवी आहे. येऊ की राहू, ते तुम्ही लिहा. आणि या वेळी खरं लिहा.

माया तेवढीच आहे, रागामुळे कमी झालेली नाही.

तुमची,
शांता


नागपूर, ९ सप्टेंबर २०२०

प्रिय शांता,

सप्रेम जय भीम, वि. वि. चुकलो. तू तडफडशील आणि येता येणार नाही, म्हणून लपवलं.

खरं असं आहे. मला ऑक्सिजन लावला होता. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ गेले. मी फार घाबरलो. नर्सबाईंचे त्या पोशाखातून फक्त डोळे दिसायचे. एकीला मी शांता म्हणून हाक मारली. तिनं माझी चूक दुरुस्त केली नाही. जवळ येऊन, बोला, म्हणाली आणि माझा हात धरून उभी राहिली. तिच्याशी काय बोललो, आठवत नाही.

आता जिना चढलो की दम लागतो. जेवण सतीशकडून येतं, पण एकट्यानं जेववत नाही.

निशिगंधाला मी वेगळं लिहितो आहे. ती समजून घेईल.

तुला हवं तसं कर, असं मी सदतीस वर्षं म्हणत आलो. आज तसं म्हणत नाही. ये.

तुझा,
श्यामकांत